सामायिक हौद : मासे व भाजीपाला एकाच पाण्यावर

विहिरीचें पाणी एकदां पाटांत सोडलें म्हणजे कांहीं पिकास मिळतें, कांहीं जमिनींत मुरतें व कांहीं उन्हानें उडून जातें. तें पुन्हां हातीं येत नाहीं. तेंच पाणी माशांच्या हौदांतून भाजीच्या वाफ्यांत व वाफ्यांतून परत हौदांत असें फिरत ठेवावयाचें, माशांच्या मळावर भाजी पोसावयाची आणि भाजीकडून माशांचें पाणी शुद्ध करून घ्यावयाचें, अशी जी पद्धति तिला ‘ॲक्वापॉनिक्स’ असें नांव आहे. चार-दहा खातेदारांनीं मिळून असा हौद घालावा असें ज्यांच्या मनांत आलें असेल, त्यांच्या उपयोगासाठीं हा लेख लिहिला आहे.

कल्पना सर्वस्वीं नवी नव्हे. चीनमध्यें भातखाचरांत मासे वाढविण्याची रीत प्राचीन आहे. आपल्या देशांतहि अरुणाचल प्रदेशांतील झिरो येथील आपातानी लोक भाताबरोबर मासे घेतात. हौद व वाफे नळांनीं जोडून तेंच पाणी फिरविण्याचें शास्त्र मात्र अलीकडचें. व्हर्जिन बेटांच्या विद्यापीठांत डॉ. जेम्स राकोसी यांनीं १९८० नंतर अनेक वर्षें प्रयोग करून माशांचें खाद्य व भाजीचें क्षेत्र यांचें प्रमाण बसवून दिलें. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेनें २०१४ सालीं लहान प्रमाणावरील कामासाठीं एक सविस्तर पुस्तिकाहि प्रसिद्ध केली आहे.

आतां यांतील मर्म पाहूं. मासे आपल्या कल्ल्यांवाटे व मळावाटे अमोनिया पाण्यांत सोडतात. अमोनिया हें माशांस विष आहे. पाण्यांतील एक जातीचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करतात, तेंहि विषच. दुसऱ्या जातीचे जंतु त्या नायट्राइटचें नायट्रेट करतात. हें नायट्रेट माशांस फारसें बाधत नाहीं आणि भाजीस तर तें उत्तम खत होय. सारांश, हौद व वाफा यांच्या दरम्यान डोळ्यांस न दिसणारा हा तिसरा कामकरी आहे. तो कामावर हजर होईपर्यंत मासे सोडणें म्हणजे त्यांस विषांत सोडणें होय.

या एका गोष्टीच्या अज्ञानानें काय होतें, तें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. एका गांवीं अकरा खातेदारांनीं वर्गणी काढून पांच हजार लिटरांचा हौद बांधला. समारंभाचा दिवस आधींच ठरलेला असल्यामुळें पाणी भरल्यावर तिसऱ्याच दिवशीं पांचशें बोटुकलीं सोडण्यांत आलीं. पंधरा दिवसांत मासे पाण्यावर तोंडें काढून मरूं लागले, आणि महिना भरतां भरतां हौद रिकामा झाला. एकानें विहिरीस दोष दिला, दुसऱ्यानें बीज विकणारास. हिशेब पाहण्यास मला बोलाविलें. वहींत सिमेंट, नळ व मोटार यांचा खर्च पैपर्यंत मांडला होता. परंतु माशांस खाद्य किती घातलें, याची एकहि ओळ नव्हती. चौकशी करतां असें दिसून आलें कीं, सकाळीं एक सभासद खाद्य टाकी, आणि त्यानें टाकलें हें ठाऊक नसल्यामुळें दुसराहि येऊन टाकी. दोन घरचा पाहुणा उपाशी असें आपण म्हणतों. सामायिक हौदांतील मासा मात्र दोन घरचें खाऊन मेला. उरलेलें खाद्य तळाशीं कुजून त्याचाहि अमोनियाच झाला, आणि तो पचविणारे जंतु तर अद्याप निपजलेच नव्हते.

यावरून पहिला नियम असा कीं, आधीं पाणी पिकवावें, मग मासे सोडावे. नळाचें पाणी असल्यास क्लोरिन उडून जाण्यासाठीं तें एक-दोन दिवस उघडें ठेवावें. नंतर पंप चालूं करून माशांवांचूनच पाणी फिरवावें व त्यांत थोडा शुद्ध अमोनिया असा घालावा कीं, दर लिटरास दोन-तीन मिलिग्रॅमांहून अधिक होऊं नये. दुसऱ्या चालू हौदांतील निरोगी पाण्यांतली मूठभर खडी आणून वाफ्यांत मिसळल्यास जंतूंचें विरजण लागतें. पाणी तपासण्याची पेटी बाजारांत मिळते. तिनें दर दोन दिवसांनीं परीक्षा करावी. प्रथम अमोनिया, मग नायट्राइट चढेल व उतरेल. दोन्हीं शून्याजवळ येऊन नायट्रेट दिसूं लागलें म्हणजे पाणी तयार झालें असें समजावें. यास सामान्यतः चार ते सहा आठवडे लागतात, थंडींत अधिक. समारंभ करणें असेल तर तो त्यानंतर करावा.

दुसरा नियम प्रमाणाचा. खत बाहेरून घालावयाचें नसल्यामुळें माशांचें खाद्य हेंच भाजीचें खत, आणि म्हणून वाफ्याचें माप खाद्यावरून ठरतें. पालेभाजीच्या दर चौरस मीटरास रोज ४० ते ५० ग्रॅम आणि टोमॅटो-मिरचीसारख्या फळभाजीस ५० ते ८० ग्रॅम खाद्य धरावें. नवशिक्यांनीं एक हजार लिटर पाण्यांत १० ते २० किलोंहून अधिक वजनाचे मासे ठेवूं नयेत. वाढीस लागलेले २० किलो मासे रोज आपल्या वजनाच्या शेंकडा एक या हिशेबानें २०० ग्रॅम खातील, तर चार-पांच चौरस मीटर पालेभाजी त्यांवर पोसेल. बोटुकलीं लहान असतांना खाद्य कमी, म्हणून वाफाहि एकदम सर्व भरूं नये. अर्ध्या तासांत संपेल तेवढेंच खाद्य घालावें व उरलेलें काढून टाकावें.

वाफा एक फूट खोल असावा व त्यांत धुतलेली काळ्या दगडाची खडी भरावी. चुनखडीचा दगड नसावा. खडीवर थोडें व्हिनेगर टाकून पाहावें. फेंस आल्यास ती टाकून द्यावी, कारण ती पाण्याचा पी. एच्. चढविते. पी. एच्. सात किंवा किंचित् खालीं ठेवल्यास मासे, जंतु व भाजी या तिघांचेंहि भागतें. आपल्या पठारावरील पुष्कळ विहिरींचें पाणी जड व क्षारयुक्त असतें, म्हणून आरंभींच तपासणी करावी. पुढें जंतूंच्या कामामुळें पी. एच्. हळूहळू उतरतो, तेव्हां थोडी चुन्याची निवळी घालून तो सांवरावा, एकदम मात्र वाढवूं नये. कोंवळीं पानें पिंवळीं पडल्यास लोह कमी आहे असें समजावें.

माशांत तिलापिया काटक आहे, परंतु तो पाळण्यापूर्वीं मत्स्यव्यवसाय खात्याची परवानगी घ्यावी. थाई मागूर पाळण्यास आपल्या देशांत बंदी आहे. थंडींत पाणी गार झालें म्हणजे तिलापिया खाणें कमी करतो. अशा वेळीं खाद्यहि कमी करावें. वाफ्यावर कीटकनाशक कदापि मारूं नये, शेजारच्या शेतांतूनहि फवारा उडत नाहीं ना, तें पाहावें. भाजीस जें औषध, तेंच माशांस विष होतें.

वीज हा या पद्धतीचा नाजूक भाग होय. पाणी व हवा थांबली कीं दाट भरलेल्या हौदांतील मासे कांहीं तासांत गुदमरतात. म्हणून हवेचा लहान पंप बॅटरीवर चालेल अशी सोय पहिल्याच दिवशीं करावी. वीज गेली असतां खाद्य घालूं नये.

तिसरा नियम मनुष्यांचा, आणि माझ्या मतें सर्वांत कठीण. जें सर्वांचें, तें कोणाचेंच नव्हे, अशी सामायिक वस्तूची गत होते. काम आरंभण्यापूर्वीं जागा कोणाची, मीटर कोणाच्या नांवचें, वर्गणी किती, नुकसान झाल्यास वांटणी कशी, एखादा सभासद निघून गेल्यास त्याचें काय, हें सर्व ठरावांत लिहून सह्या घ्याव्या. खाद्य घालण्याचें काम एका आठवड्यास एकाच सभासदाकडे असावें. इतरांनीं डब्यास हात लावूं नये. हौदाजवळ एक वही टांगून ठेवावी व तींत तारीख, खाद्याचें वजन, पाण्याची उष्णता, पी. एच्., अमोनिया, मेलेले मासे, भर घातलेलें पाणी, निघालेली भाजी व सही असे रकाने आंखावे. दप्तर चोख असेल तर रोग कोठून आला तें एका पानावर सांपडतें. नाहीं तर गांवांत भांडण सांपडतें.

लाभाविषयीं अतिशयोक्ति नको. या हौदांत जोंधळा किंवा गहूं पिकणार नाहीं. खाद्य व वीज यांचा खर्च महिन्याचे महिन्यास येतो आणि नफ्याची हमी नाहीं. मात्र फिरत्या पाण्यांत रोज सामान्यतः शेंकडा एक ते तीन एवढीच भर घालावी लागते. जेथें उन्हाळ्यांत विहिरी आटतात, तेथें ही काटकसर लहान नव्हे. म्हणून आपल्या शेतीस पूरक म्हणून एक हजार लिटरांचा एकच हौद घालावा, एक संबंध वर्ष, तिन्ही ऋतु, वही भरून पाहावी आणि मगच दुसऱ्याचा विचार करावा.

वर सांगितलेल्या गांवीं नऊ खातेदारांनीं दुसऱ्या वर्षीं एक हजार लिटरांचा हौद घातला. त्यांनीं प्रथम दीड महिना केवळ पाणीच फिरविलें. येणारे-जाणारे हंसत असत कीं, मासे नसलेल्या हौदास कसली राखण? पण तो हौद आज चालूं आहे, आणि वहीचीं पानें भरत आहेत.