आधी सन, मग वजन!

लक्ष्मीपूजनाच्या ताटात आपल्याकडे अजूनही कितीतरी घरांत एक-दोन 'राणीछाप' रुपये निघतात. आजीच्या डब्यातले. पूजा झाली की ते परत डब्यात जातात, आणि एखाद्या वर्षी फीची नड आली की थेट सोनाराच्या तराजूत. सोनार वजन करतो, चांदीच्या भावाने पैसे देतो, विषय संपला! पण तराजूला सन वाचता येत नाही. १९१८ चा रुपया आणि १९३९ चा रुपया, दोघांचं वजन एकच : ११.६६ ग्रॅम, म्हणजे एक तोळा. पण पहिला ढिगाने मिळतो, आणि दुसऱ्यासाठी संग्राहक वर्षानुवर्षं थांबतात.

उलटही घडतं. कवडीमोलाचं नाणं 'लाखमोलाचं' म्हणून गळ्यात मारणारे आपल्या आसपास भरपूर आहेत. म्हणून थोडं शास्त्र माहीत असलेलं बरं. आणि आपण इंजिनिअर लोक, आपल्याला हे जमायलाच हवं!

गोठलेला सन

पूर्वी सराफ जुन्या सनाच्या रुपयावर 'बट्टा' कापायचे. नाणं जुनं म्हणजे झिजलेलं, हा त्यांचा हिशेब. यावर ईस्ट इंडिया कंपनीने साधी युक्ती काढली : सन बदलायचाच नाही! बंगालमध्ये मुर्शिदाबादच्या रुपयावर बादशहा शहा आलमचं १९ वं राज्यवर्ष वर्षानुवर्षं तसंच छापत राहिले. पुढे १८३५ साली कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकच रुपया आला, तेव्हाही सन गोठलेलाच राहिला. १८३५ लिहिलेले रुपये १८४० पर्यंत पाडले आणि १८४० लिहिलेले १८६२ पर्यंत. व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया तर १८७४ पर्यंत त्याच सनाने निघत होता.

मग खरं वर्ष ओळखायचं कसं? मुंबईच्या टाकसाळीने त्यासाठी खुणेचे ठिपके वापरले. १८६२ च्या रुपयाच्या मागच्या बाजूला, सनाजवळ आणि वरच्या फुलाजवळ, हे बारीक ठिपके दिसतात. आपल्या भाषेत बॅच नंबर म्हणा ना! म्हणून १८६२ चे दहा रुपये हाती आले तर ते 'दहा सारखे रुपये' नसतात. भिंग घेऊन ठिपके मोजायचे. काही ठिपके सर्रास मिळतात, काही क्वचित.

जी सालं नव्हतीच

खोटं नाणं पकडायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे इतिहास. व्हिक्टोरियाच्या नाण्यांवर १८७६ पर्यंत 'क्वीन' लिहिलेलं असतं आणि १८७७ पासून 'एम्प्रेस', कारण त्या साली ती सम्राज्ञी झाली. म्हणजे १८६२ सन आणि सोबत 'एम्प्रेस' असा रुपया दिसला, तर तो बनवणाऱ्याने इतिहासाचा पेपर ऑप्शनला टाकलेला आहे! तसंच १९२२ नंतर चलनासाठी चांदीचा रुपया निघाला तो थेट १९३८ साली. मधल्या वर्षाचा रुपया कोणी चलनातला म्हणून दाखवला, तर हात जोडून निघून यावं.

जत्रेत आणि फुटपाथवर एक तांब्या-पितळेचं 'नाणं' हमखास मिळतं. एका बाजूला राम, सीता, मारुती. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, सन १८१८. कंपनीने असं नाणं कधी पाडलंच नाही. चलनात एक आण्याचं नाणं आलं तेच मुळी विसाव्या शतकात, १९०७ च्या सुमारास. पण 'हे नाणं तांदूळ ओढून घेतं, परदेशात कोटीला जातं' असं सांगून लोकांना अक्षरशः लुबाडलं जातं. देवाची मूर्ती म्हणून देवघरात ठेवा, हरकत नाही. इतिहास म्हणून पैसे मोजू नका.

दोन गाजलेले रुपये

पहिला १९११ चा. पंचम जॉर्जच्या झग्यावर मानचिन्हांची माळ आहे आणि तिच्यात एक हत्ती. सोंड इतकी आखूड आली, की लोकांना तो डुक्कर वाटला! धार्मिक भावना दुखावल्या आणि ओरड झाली. त्या साली सुमारे ९४ लाख रुपये पाडले होते. त्यांतले जेमतेम ७ लाख बाहेर पडले होते, बाकीचे वितळवले. १९१२ च्या रुपयावर हत्ती नीट हत्तीसारखा आहे.

दुसरा १९३९ चा, सहाव्या जॉर्जचा. तेव्हा रुपयात सुमारे ९२ टक्के चांदी असायची. १९४० पासून ती ५० टक्क्यांवर आणली. १९३९ चे रुपये लोकांच्या हाती फारसे पोचलेच नाहीत, बहुतेक भट्टीत गेले. म्हणून हा रुपया दुर्मिळ, आणि म्हणूनच त्याच्या नकला जास्त. सोपी नक्कल अशी : १९३८ चा खरा रुपया घ्यायचा, शेवटच्या इंग्रजी आठाची खालची डावी बाजू खरवडायची, झाला नऊ!

इथे आपली फिजिक्स लॅब कामाला येते, पण अर्धीच. आर्किमिडीजच्या तत्त्वाने घनता काढा. ९२ टक्के चांदीची घनता सुमारे १०.३, म्हणजे दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवल्यावर रुपयाचं वजन सुमारे १.१३ ग्रॅमने कमी दिसायला हवं. पितळी नकलेत हीच घट १.३७ च्या आसपास येते. म्हणजे पितळी नक्कल पकडली गेली. पण खरवडलेला १९३८ या परीक्षेत डिस्टिंक्शनने पास होतो, कारण चांदी खरीच आहे! तिथे भिंगच हवं. नऊच्या शेजारची सपाट जागा खरवडलेली, वेगळ्या चमकेची दिसते का? शेपटीची जाडी बाकीच्या आकड्यांशी जुळते का? शेजारी खरा १९३८ चा ठेवून तुलना केली की पुष्कळ उलगडा होतो.

चूक टाकसाळीची की हातोडीची?

चुकलेल्या नाण्यांनाही मागणी असते. पण चूक टाकसाळीतच झालेली पाहिजे. त्यासाठी वर्कशॉप आठवा. पत्र्यातून गोल चकती कापतात, तिची कड दाबून उंच करतात, भट्टीत मऊ करतात आणि मग दोन ठशांमध्ये दाबतात.

पत्रा नीट पुढे सरकला नाही, तर पुढची चकती आधीच्या भोकावर कापली जाते आणि नाण्याला चंद्रकोरीसारखी खाच पडते. अशी खाच कानशीनेही करता येते. मग फरक? चकतीची कड दाबताना खाचेच्या जागी आधार मिळत नाही, म्हणून बरोबर समोरच्या बाजूची कडही कच्ची राहते. कानशीवाल्याला हे सहसा सुचत नाही.

दुसरा प्रकार 'ब्रॉकेज'. आधीचं नाणं ठशालाच चिकटून राहिलं, तर पुढच्या चकतीवर एका बाजूला नेहमीचं चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच चित्र उलटं आणि खोलगट उमटतं. तिसरा प्रकार सरकलेला छाप, ज्यात चकतीचा एक भाग कोरा राहतो. ठोकलेलं, वाकलेलं, ॲसिडमध्ये बुडवलेलं नाणं मात्र 'एरर' नव्हे, ते फक्त खराब नाणं!

खिशातली नाणी

आजच्या नाण्यांवर सनाखाली बघा. चौकट मुंबईची, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा, काहीच नसेल तर कोलकात्याचं. 'ताऱ्याचं नाणं दुर्मिळ' ही निव्वळ अफवा. २०१२ ची वैष्णोदेवीची नाणीही लाखांना जात नाहीत.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. जुनी नाणी चिंच, राख किंवा टूथपेस्टने घासू नका. वरचा थर गेला की संग्राहकाच्या लेखी किंमत घसरते, आणि बारीक ठिपकेही झिजतात. तुमचं नाणं विकून देतो, आधी 'रजिस्ट्रेशन फी' भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली जाहीर सांगितलंय की अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही आणि ती कसली फी घेत नाही. ज्याला नाणं खरंच हवं असतं तो तुम्हाला पैसे देतो, तुमच्याकडून मागत नाही. हे ओळखायला तर भिंगसुद्धा लागत नाही!