वाचक कट्टा

वाचक कट्टा म्हणजे पुस्तकांची आवड असणाऱ्या व्यक्तींनी ठरावीक काळाने एकत्र येऊन आपण सध्या काय वाचत आहोत हे परस्परांना सांगण्याची अनौपचारिक बैठक होय. वाचक मंडळ, वाचनकट्टा, पुस्तकगप्पा अशा नावांनीही ती ओळखली जाते. पुस्तक परीक्षणात वाचून संपलेल्या ग्रंथाविषयी तयार झालेले मत मांडले जाते. कट्ट्यावर मात्र बहुधा हातात असलेल्या, अर्धवट वाचून झालेल्या पुस्तकाविषयी बोलले जाते. मत अजून पक्के झालेले नसल्याने ऐकणाऱ्यालाही त्यात सहभागी होता येते. ज्या भागात पुस्तके कमी पोहोचतात, किंवा घरची भाषा आणि पुस्तकाची भाषा वेगवेगळ्या असतात, त्या भागात अशा सांगण्याचे महत्त्व अधिक असते. महाराष्ट्राच्या वायव्य टोकाचा नंदुरबार जिल्हा हे अशा भागाचे ठळक उदाहरण आहे.

संज्ञा

कट्टा हा शब्द मुळात झाडाभोवती किंवा घरासमोर बसण्यासाठी बांधलेल्या दगडी वा विटांच्या ओट्यासाठी वापरला जातो. तेथे जमून गप्पा मारण्याच्या प्रथेवरून नियमितपणे भेटणाऱ्या मंडळींच्या बैठकीलाही कट्टा म्हटले जाऊ लागले. सभेप्रमाणे येथे अध्यक्ष, प्रमुख पाहुणे वा व्यासपीठ नसते. सर्व सहभागी एकाच पातळीवर बसतात, हा या शब्दाचा महत्त्वाचा अर्थविशेष आहे.

पूर्वपरंपरा

मराठी समाजात वाचन ही दीर्घकाळ एकट्याने करण्याची गोष्ट नव्हती. चातुर्मासात किंवा सप्ताहात एकाने पोथी वाचायची आणि इतरांनी ऐकायची, अशी रीत होती. श्रीधर कवीचे हरिविजय (१७०२) आणि पांडवप्रताप (१७१२) हे ग्रंथ या मार्गाने अक्षरओळख नसलेल्या असंख्य स्त्रीपुरुषांपर्यंत पोहोचले. मराठीत पोथी ‘वाचणे’ याबरोबरच पोथी ‘सांगणे’ असाही प्रयोग आहे. सांगणारा ओवी वाचून तिचा अर्थ उलगडत असे आणि श्रोते शंका विचारत असत.

मुद्रणाच्या प्रसारानंतर एकोणिसाव्या शतकात या परंपरेला नवे रूप मिळाले. मुंबईत १८४८ मध्ये विद्यार्थ्यांच्या सभेला जोडून स्थापन झालेल्या ज्ञानप्रसारक सभेत सभासद विविध विषयांवरील निबंध वाचून दाखवत आणि त्यावर चर्चा होई. त्याच वर्षी पुण्यात लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांच्या पुढाकाराने पुढे पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखले गेलेले ग्रंथालय सुरू झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व लोकहितवादी यांनी मे १८७८ मध्ये पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरवली. पुढे साहित्य संमेलनांची परंपरा याच सभेपासून मोजली जाऊ लागली.

मोठ्याने वाचून ऐकण्याची प्रथा जगात इतरत्रही आढळते. क्यूबाची राजधानी हवाना येथील सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना काम चालू असताना वृत्तपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवल्या जात. वाचणाऱ्याचे मानधन कामगार आपल्या मजुरीतून देत. स्वीडनमध्ये १९०२ पासून ऑस्कर ओल्सन यांच्या प्रयत्नांतून अभ्यासमंडळांची चळवळ उभी राहिली. भारतात केरळमधील ग्रंथालय चळवळीने वाचनालयाला गावाच्या सार्वजनिक जीवनाचे केंद्र बनवले. तिचे प्रणेते पु. ना. पणिक्कर यांच्या स्मृतिदिनी, १९ जून रोजी, तेथे वाचनदिन पाळला जातो.

खानदेशातील उदाहरणे

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे विभाजन झाले. आजचा नंदुरबार जिल्हा तेव्हा पश्चिम खानदेशात होता व त्याचे मुख्य ठाणे धुळे हे होते. सामूहिक वाचनाची दोन महत्त्वाची उदाहरणे या परिसरातील आहेत.

पहिले उदाहरण पूर्व खानदेशातील अमळनेरचे आहे. तेथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक व छात्रालयाचे प्रमुख असताना साने गुरुजी विद्यार्थ्यांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. आपण वाचलेले, विचार केलेले ते त्यातून मुलांना सांगत असत. छापलेल्या प्रतींची किंवा पैशांची गरज नसलेला हा उपक्रम होता.

दुसरे उदाहरण धुळे तुरुंगातील आहे. १९३२ मध्ये विनोबा भावे तेथे राजबंदी होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे अठरा रविवारी त्यांनी सहबंद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. त्याच तुरुंगात असलेल्या साने गुरुजींनी ही प्रवचने लिहून घेतली आणि त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक तयार झाले. एकाने वाचलेले सांगायचे, दुसऱ्याने ते टिपायचे आणि त्यातून तिसऱ्यासाठी पुस्तक तयार व्हायचे, ही साखळी येथे स्पष्ट दिसते.

खानदेशच्या पश्चिम सीमेला लागून असलेल्या बडोदा संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून ग्रंथालय खाते उभारले. या खात्याने पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव पाठवण्याची फिरत्या ग्रंथालयांची योजना राबवली. आजच्या नवापूर तालुक्याशेजारील सोनगड व व्यारा हे भाग याच संस्थानात होते.

नंदुरबार जिल्ह्यातील परिस्थिती

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यांपैकी सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. साक्षरतेचे प्रमाण ६४.४ टक्के होते. राज्याची सरासरी ८२.३ टक्के असताना हे प्रमाण महाराष्ट्रातील सर्व जिल्ह्यांत सर्वांत कमी होते.

जिल्ह्यात भिली, पावरी, मावची, अहिराणी, गुजर इत्यादी भाषा बोलल्या जातात. शाळेची व बहुतेक पुस्तकांची भाषा मात्र प्रमाण मराठी आहे. त्यामुळे सातपुड्यातील पाड्यावर वाढलेल्या मुलाला वाचन शिकताना लिपी आणि भाषा या दोन गोष्टी एकाच वेळी आत्मसात कराव्या लागतात. ऊसतोडणी, बांधकाम व इतर मजुरीसाठी होणाऱ्या हंगामी स्थलांतराने अनेक कुटुंबांतील मुलांच्या शिक्षणात खंड पडतो.

याची दुसरी बाजू अशी की या समाजांची मौखिक परंपरा समृद्ध आहे. कथा सांगणे, ऐकणे आणि गाणी पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवणे हे येथील सांस्कृतिक जीवनाचे अंग आहे. वाचक कट्ट्याला लागणारे मूळ कौशल्य, म्हणजे रंगवून सांगणे आणि लक्षपूर्वक ऐकणे, त्यामुळे येथे परके नाही. मराठीत वाचलेली गोष्ट आपल्या बोलीत सांगणारा विद्यार्थी एकाच वेळी वाचक, अनुवादक आणि कथाकार असतो. ज्या वडीलधाऱ्यांना वाचता येत नाही, त्यांनाही अशा बैठकीत श्रोता म्हणून आणि स्वतःची कथा सांगणारा म्हणून स्थान मिळू शकते.

बोलीतील लिखित साहित्य निर्माण होण्याचे प्रयत्नही या परिसरात झाले आहेत. नर्मदा खोऱ्यातील विस्थापनविरोधी चळवळीतून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस जीवनशाळा सुरू झाल्या आणि त्यांच्यासाठी पावरीसारख्या भाषांत देवनागरी लिपीतून वाचनसाहित्य तयार करण्यात आले. शहादा तालुक्यातील कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा काव्यसंग्रह १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. आदिवासी साहित्याच्या अभ्यासात त्याचा आवर्जून उल्लेख केला जातो.

स्वरूप व कार्यपद्धती

वाचक कट्ट्याचे साधारणतः चार प्रकार दिसतात.

१. प्रत्येकाचे वेगळे पुस्तक: प्रत्येक सहभागी आपण वाचत असलेल्या पुस्तकाविषयी पाच ते दहा मिनिटे बोलतो. प्रतींची अडचण नसल्याने हा प्रकार सर्वांत सोपा आहे.
२. सर्वांचे एक पुस्तक: सर्वांनी एकच पुस्तक वाचून चर्चा करायची. चर्चा सखोल होते. परंतु पुरेशा प्रती लागतात.
३. अभिवाचन: एकाने मोठ्याने वाचायचे, इतरांनी ऐकायचे. एकच प्रत पुरते आणि नवसाक्षरांनाही सहभागी होता येते.
४. पुस्तक भिशी: सभासद दरमहा ठरावीक रक्कम जमा करतात. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते तो त्या रकमेची पुस्तके घेतो आणि वाचून झाल्यावर ती इतरांना देतो.

पहिल्या प्रकारात वक्त्याने साधारणतः पुस्तकाचे व लेखकाचे नाव, आपण कुठपर्यंत आलो आहोत, ते का निवडले, त्यातील एखादा लहान उतारा आणि वाचताना पडलेला प्रश्न एवढे सांगणे अपेक्षित असते. संपूर्ण कथानक सांगणे टाळले जाते. पुस्तक आवडले नाही किंवा मध्येच सोडून दिले, हे सांगण्याचीही मुभा असते. अनेक गट एक नोंदवही ठेवतात. तीत तारीख, पुस्तकाचे नाव, सांगणाऱ्याचे नाव आणि पुस्तक पुढे कोणाकडे गेले याची नोंद होते. काही वर्षांनी अशी वही त्या गावाच्या वाचनाचा इतिहासच ठरते.

संस्थात्मक पाठबळ

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम, १९६७ नुसार राज्यातील मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालयांची अ, ब, क व ड अशी वर्गवारी केली जाते आणि वर्गानुसार त्यांना शासकीय अनुदान मिळते. ही ग्रंथालये कट्ट्यासाठी जागा आणि पुस्तके या दोन्ही गरजा भागवू शकतात.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये विनायक रानडे यांच्या संकल्पनेतून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम सुरू केला. यात पुस्तकांच्या पेट्या वाचकगटांकडे दिल्या जातात आणि काही काळाने गटागटांत बदलल्या जातात. हा उपक्रम पुढे परदेशातील मराठी कुटुंबांपर्यंतही पोहोचला. सातारा जिल्ह्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचे गाव’ सुरू झाले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावाची प्रेरणा त्यामागे होती. भिलारमध्ये मात्र पुस्तके विक्रीसाठी नसून गावकऱ्यांच्या घरांत वाचनासाठी ठेवलेली आहेत.

माजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, राज्यात २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. १ ते १५ जानेवारी २०२५ या काळात महाविद्यालये व ग्रंथालयांत ‘वाचन संकल्प महाराष्ट्राचा’ हा उपक्रम झाला. सामूहिक वाचन आणि पुस्तक परीक्षण व कथन यांचा त्यात समावेश होता.

मर्यादा व दक्षता

कट्ट्यावर मोजकेच लोक बोलत राहतात आणि इतर गप्प बसतात, ही सर्वांत सामान्य अडचण आहे. प्रतिष्ठेची मानली जाणारी पुस्तकेच सांगावीत, असे दडपणही निर्माण होते. त्यामुळे पाकशास्त्र, शेती, स्पर्धा परीक्षा किंवा बालसाहित्य वाचणारे संकोचतात. प्रमाण मराठीचा आग्रह धरल्यास बोलीभाषक सहभागी आधी भाषेची आणि मग पुस्तकाची चिंता करू लागतात. बैठकीची वेळ व जागा स्त्रियांना सोयीची नसेल, तर निम्मा वाचकवर्ग आपोआप बाहेर राहतो.

पुस्तकांच्या छायाप्रती किंवा संगणकीय प्रती वाटताना प्रताधिकाराचा प्रश्न येतो. भारतीय प्रताधिकार कायदा, १९५७ नुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. ही मुदत मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षाच्या आरंभापासून मोजली जाते. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके १ जानेवारी २०११ पासून प्रताधिकारमुक्त आहेत. पुस्तकांची टंचाई असलेल्या गावांतील गटांना त्यांच्या प्रती काढून वाटता येतात. हयात लेखकांच्या पुस्तकांबाबत मूळ प्रत विकत घेऊन ती आळीपाळीने वाचणे हाच योग्य मार्ग ठरतो.

महत्त्व

पुस्तकाची एक प्रत एका वेळी एकाच्याच हाती राहते, परंतु त्याविषयीचे बोलणे एकाच वेळी अनेकांपर्यंत पोहोचते. ग्रंथालय पुस्तक उपलब्ध करून देते. ते का उघडावे याचे कारण मात्र बहुधा ओळखीच्या माणसाकडून मिळते. नव्याने साक्षर होणाऱ्या समाजात ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. शाळा सुटल्यावर वाचनाचा सराव राहिला नाही, तर मिळवलेली साक्षरता क्षीण होत जाते. पुढच्या बैठकीत चार माणसांना काही सांगायचे आहे, ही साधी जबाबदारी तो सराव टिकवण्यास मदत करते.