बौद्धिक अक्षमता असलेलं मूल : टक्के कसे ठरतात आणि सवलतींना कोण पात्र ठरतं?



जूनमध्ये वर्ग सुरू झाला की दोन-तीन आठवड्यांत काही मुलं वेगळी लक्षात येतात. दुसरीत आलं तरी स्वतःचं नाव सांगताना अडखळणारं मूल, चप्पल रोज उलटी घालणारं, शी-शू लागल्याचं न सांगणारं, आपल्याहून चार वर्षं लहान भावंडांतच रमणारं. घरचे म्हणतात, "उशिरा बोलायला लागला गुरुजी, होईल हळूहळू." कधी होतंही. पण कधी कधी ही 'हळूहळू'ची वाट बघण्यात आठ-दहा वर्षं निघून जातात, आणि ज्या वयात मदतीचा सर्वांत जास्त उपयोग झाला असता, ते वयच हातातून जातं.

म्हणून आज हा विषय. सरकारी मदत मिळायला मूल 'पात्र' आहे हे नेमकं कोण ठरवतं, कशावरून ठरवतं, आणि पात्र ठरल्यावर पुढे काय करायचं, हे सोप्या भाषेत पाहू.

कायदा काय म्हणतो?

१९९५ च्या जुन्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे फक्त ७ प्रकार होते. त्याच्या जागी दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि प्रकार झाले २१. त्यात बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. पूर्वी आपण सरसकट 'मतिमंद' म्हणायचो, तो शब्द आता सोडून द्यायचा. कागदावरही 'बौद्धिक अक्षमता' असंच येतं.

एक आकडा लक्षात ठेवा : ४० टक्के. त्याला कायद्यात लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. बहुतेक योजनांची सुरुवात इथून होते. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या प्रत्येक मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे (कलम ३१). बाकीच्या मुलांना शिक्षण हक्क कायद्यात १४ वर्षांपर्यंत मुभा आहे, इथे १८ पर्यंत.

टक्के कसे ठरतात?

डोळ्याचा नंबर मोजता येतो, हात किती वाकतो ते मोजता येतं. बौद्धिक अक्षमता कशी मोजायची? इथे बऱ्याच पालकांचा गैरसमज असतो. त्यांना वाटतं डॉक्टर पाढे विचारतील, वाचायला लावतील. तसं नाही.

दोन गोष्टी तपासतात. एक, बुद्धिमापन. त्यासाठी आपल्याकडे बिने-कामत चाचणी वापरतात. परदेशी चाचणीचं मराठी आणि कानडीत रूपांतर व्ही. व्ही. कामत यांनी केलं, म्हणून ते नाव. दुसरी गोष्ट म्हणजे रोजच्या जगण्यातली कौशल्यं. त्यासाठी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता श्रेणी, म्हणजे व्हीएसएमएस, वापरतात. तिचं भारतीय रूप नागपुरात मालिन यांनी तयार केलं. मूल हाताने जेवतं का, कपडे घालतं का, एकटं शेजारी जाऊन येतं का, दुकानातून किरकोळ वस्तू आणतं का, घड्याळ कळतं का, अशा ८९ गोष्टी त्यात आहेत.

त्यातून मुलाचं 'सामाजिक वय' निघतं. त्याला खऱ्या वयाने भागून १०० ने गुणलं की गुणांक मिळतो. केंद्र सरकारच्या ४ जानेवारी २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या गुणांकावरून टक्के असे दिले आहेत :

• गुणांक ७० ते ८४ : सीमारेषेवर, २५ टक्के
• गुणांक ५५ ते ६९ : सौम्य, ५० टक्के
• गुणांक ३६ ते ५४ : मध्यम, ७५ टक्के
• गुणांक २१ ते ३५ : तीव्र, ९० टक्के
• गुणांक ० ते २० : अतितीव्र, १०० टक्के

उदाहरण घेऊ. तीन मुलं, तिघंही १० वर्षांची. पहिल्याचं सामाजिक वय ५ निघालं. ५ भागिले १०, गुणिले १०० म्हणजे ५०. हा मध्यम गट, ७५ टक्के. दुसऱ्याचं सामाजिक वय ६, गुणांक ६०, म्हणजे ५० टक्के. दोघंही ४० च्या वर, पात्र. तिसऱ्याचं सामाजिक वय साडेसात, गुणांक ७५, म्हणजे २५ टक्के. हे मूल ४० च्या खाली राहिलं. त्याला प्रमाणपत्र मिळालं तरी बहुतेक सवलती मिळत नाहीत.

ऑटिझमसाठी मोजपट्टी वेगळी आहे, तिला आयएसएए म्हणतात. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि ७० गुणांपासून पुढे ऑटिझम धरला जातो. म्हणजे तिथे गुण जास्त आले तर त्रास जास्त. व्हीएसएमएसच्या अगदी उलट. दोन्हींत गोंधळ करू नका.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट : पालक काय सांगतात?

व्हीएसएमएसमधली बरीचशी माहिती मुलाकडून नाही, आई-वडिलांकडून घेतली जाते. इथेच खरा घोळ होतो.

आपल्याकडे लेकराची उणीव परक्यापुढे सांगायची लाज वाटते. समोर डॉक्टर, मागे रांग. "जेवतो का हाताने?" "हो, जेवतो की." पण खरं काय असतं? आई भाकरी कुस्करून देते, घास करून ठेवते, तेव्हा तो उचलतो. "कपडे घालतो?" "घालतो." पण बटणं आजी लावते. असं दहा ठिकाणी झालं की सामाजिक वय दीड-दोन वर्षांनी वाढतं. वरच्या उदाहरणात बघा, ६ चं साडेसात झालं तर ५० टक्क्यांचे २५ होतात, आणि पात्र मूल अपात्र ठरतं. कुणी अन्याय केलेला नसतो, आपल्याच तोंडून ते झालेलं असतं.

म्हणून तपासणीला जाण्याआधी घरी आठ दिवस निरीक्षण करा. प्रत्येक कामाला तीन प्रश्न विचारा : स्वतःहून करतो का? न सांगता करतो का? रोज करतो का? जे उत्तर असेल ते वहीत लिहा आणि वही बरोबर न्या. दिवसभर मुलाबरोबर असते ती व्यक्ती, आई असो वा आजी, तपासणीला हवीच.

उलट बाजूही सांगतो. "टक्के वाढवून देतो" म्हणणारी माणसं भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतला तर कलम ९१ नुसार २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खरं तेवढंच सांगायचं. कमी नाही, जास्त नाही.

शिक्षक काय करू शकतात?

आपण डॉक्टर नाही, निदान करायचं नाही. "हा मतिमंद वाटतो" असं पालकांना कधीही म्हणू नये. पण निरीक्षण लिहून देणं आपल्या हातात आहे. "मधल्या सुट्टीत डबा उघडून द्यावा लागतो", "दोन सूचना एकदम दिल्या तर पहिलीच करतो", "शौचाला जायचं सांगत नाही, आठवड्यात दोनदा कपडे ओले होतात". अशी साधी, तारखेसह वाक्यं लिहा. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' ॲप २०२२ मध्ये आलं, ते याच पहिल्या चाळणीसाठी आहे. गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना कळवा आणि यू-डायस प्लसमध्ये मुलाची नोंद बरोबर करा. समग्र शिक्षेतला प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता, साहित्य, हे सगळं त्या नोंदीवर चालतं.

दुसरा आधार म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये याची सुरुवात आपल्याच राज्यात, पालघरला झाली. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. जन्मतः व्यंग, आजार, कमतरता आणि विकासातला विलंब अशा चार गोष्टी ते बघतात. पथक येईल त्या दिवशी नेमकी अशी मुलं गैरहजर असतात, त्यांना निरोप देऊन बोलवा.

प्रमाणपत्र कसं काढायचं?

१. स्वावलंबन कार्ड पोर्टलवर ऑनलाइन अर्ज करायचा. स्वतः जमत नसेल तर गावातल्या सेवा केंद्रातून करा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा लागतो. आधारवरचं नाव, शाळेच्या दाखल्यावरचं नाव आणि जन्मतारीख एकच आहे ना, ते आधी तपासा. पुढची निम्मी कटकट इथेच वाचते.

२. तपासणीच्या तारखेला मूल, पालक, जुने दवाखान्याचे कागद आणि शाळेचं निरीक्षण पत्र घेऊन जा.

३. मंजूर झाल्यावर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळतं. कार्डाचा पांढरा रंग ४० च्या खाली, पिवळा ४० ते ८० च्या आत आणि निळा ८० व त्यापुढे.

४. निर्णय पटला नाही तर कलम ५९ प्रमाणे अपील करता येतं. नुसतं घरी येऊन नशिबाला दोष देत बसू नका.

वयाचंही लक्षात ठेवा. १ ते ५ वर्षांपर्यंत बौद्धिक अक्षमता असं लिहीत नाहीत, 'सर्वांगीण विकासात विलंब' असं तात्पुरतं प्रमाणपत्र देतात. पुढे ५, १० आणि १८ व्या वर्षी नूतनीकरण असतं. १८ व्या वर्षी मिळालेलं आयुष्यभर चालतं. या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा.

आपला अहिल्यानगर जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, १४ तालुके. अकोल्याच्या डोंगरी भागातून नगरला यायचं तर शंभर किलोमीटरहून जास्त अंतर पडतं, त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे आई-वडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, मूल आजी-आजोबांकडे तरी राहतं नाहीतर कोपीवर तरी. मग तारीख आली आणि पालक कारखान्यावर, असं होतं. त्यामुळे अशा गावांतल्या शिक्षकांनी जून ते सप्टेंबर याच काळात हे काम धसास लावावं.

प्रमाणपत्र मिळालं, आता पुढे?

प्रमाणपत्र म्हणजे पैसे सुरू झाले असं नाही. प्रत्येक योजनेची अट वेगळी, अर्ज वेगळा.

• संजय गांधी निराधार अनुदान योजना : १९८० पासून चालू आहे. वय ६५ च्या आत, ४० टक्के दिव्यांगत्व, राज्यात १५ वर्षं वास्तव्य आणि उत्पन्नाची मर्यादा अशा अटी. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेत. दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० वरून २,५०० रुपये महिना झालं. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, विसरलं की अनुदान थांबतं.

• निरामय आरोग्य विमा : राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांसाठी. वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण, वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी नाही. थेरपीचा खर्चही यात बसतो.

• एसटी प्रवास : ४० टक्क्यांपासून तिकिटात ७५ टक्के सवलत. ६५ टक्के व त्याहून जास्त असेल तर सोबतच्या माणसालाही ५० टक्के.

• ग्रामपंचायतीचा ५ टक्के निधी : स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभं राहून विचारा, तो हक्क आहे.

१८ पूर्ण झाल्यावर एक मोठी गोष्ट बदलते. मुलगा कायद्याने सज्ञान होतो आणि आई-वडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. बँक खातं, जमिनीची वाटणी, अनुदान, सगळीकडे अडतं. राष्ट्रीय न्यास कायद्यातल्या या चार प्रकारांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, तिच्याकडे पालकत्वाचा अर्ज करायचा. "आमच्यानंतर याचं कोण?" हा प्रश्न प्रत्येक आईच्या मनात असतो. त्याच्या उत्तराची पहिली पायरी हा अर्ज आहे.

नेहमीच्या दोन शंका

"प्रमाणपत्र काढलं तर शिक्का बसेल, थोरल्या मुलीच्या लग्नात अडचण येईल." ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, गावात लोक बोलतात. पण लोक प्रमाणपत्र बघून बोलत नाहीत, त्यांना मूल आधीच दिसलेलं असतं. प्रमाणपत्र नसल्याने बोलणं थांबत नाही, फक्त मदत थांबते.

"२५ टक्केच आले, मग सगळं संपलं का?" नाही. ते मूल आपल्याच वर्गात आहे. त्याला जास्त वेळ, छोट्या सूचना, प्रत्यक्ष वस्तू घेऊन शिकवणं, यासाठी कुठल्याच टक्क्यांची गरज नाही. आणि पुढच्या तपासणीत चित्र बदलू शकतं, म्हणून निरीक्षणाची वही चालू ठेवा.

शिक्षक मित्रांनो, या आठवड्यात एक काम करा. हजेरीपत्रक उघडा आणि ज्या मुलाबद्दल मनात शंका आहे त्याच्या नावापुढे पेन्सिलीने खूण करा. आठ दिवस त्याच्याकडे नीट बघा, लिहा, आणि मग त्याच्या आईशी शांतपणे, वर्गाबाहेर, एकट्याने बोला.