सिंप्लेक्स-संकुलांची कारक बीजगणिते : एका त्रिकोणाचे उदाहरण

प्रस्तावना :
प्रत्येक क्रमनिरपेक्ष सी-स्टार बीजगणित हे मूलतः एखाद्या अवकाशावरील संतत फलांचे बीजगणित असते, हे गेलफांड व नाइमार्क यांनी १९४३ मध्ये दाखविले. ज्यात गुणाकाराचा क्रम बदलल्यास उत्तर बदलते, अशा बीजगणितालाही अवकाश मानून आलँ कॉन यांनी क्रमसापेक्ष भूमिती उभारली. ('क्रमनिरपेक्ष' शब्द शालेय पुस्तकातला असल्याने त्याचाच विरुद्धार्थी शब्द येथे योजला आहे.) पुढे २००२ मध्ये योआखिम कुंट्झ यांनी सिंप्लेक्स-संकुलांना अशी बीजगणिते जोडली व बाउम-कॉन अटकळीच्या स्पष्टीकरणासाठी ती वापरली.

विवेचन :
बारामती, भिगवण व इंदापूर हे तीन शिरोबिंदू आणि त्यांना जोडणारे तीन रस्ते या बाजू मानू. प्रत्येक शिरोबिंदूस एकेक धन जनक देऊ : ब, भ, इ. पहिली अट, ब + भ + इ = १. दुसरी अट अशी की, जे शिरोबिंदू मिळून संकुलाचा घटक होत नाहीत त्यांच्या जनकांचा गुणाकार कोणत्याही क्रमाने शून्य असावा.

केवळ बारामती-इंदापूर रस्ता घेतल्यास इ = १ − ब; येथे क्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही.

आता तिन्ही रस्ते घेऊ, परंतु मधली शेते वगळू. म्हणजे ब·भ·इ = ० आणि ब·इ·भ = ०. दोन्हींत इ = १ − ब − भ ठेवल्यास अनुक्रमे
ब·भ = ब·भ·ब + ब·भ·भ,
ब·भ = ब·ब·भ + ब·भ·भ.
म्हणून ब·भ·ब = ब·ब·भ. डावी बाजू स्वसंलग्न आहे. तेव्हा उजवीही तशीच, अर्थात ब·ब व भ यांचा क्रम बदलता येतो. ब हा ब·ब चे धन वर्गमूळ असल्याने ब व भ यांचाही बदलता येतो. तात्पर्य, पोकळ त्रिकोणाचे बीजगणित क्रमनिरपेक्षच राहते!

शेते समाविष्ट करताच दुसरी अट उरत नाही. परस्परांशी क्रम न बदलणारे २×२ सारणींचे दोन प्रक्षेप प व फ घेऊन ब = प/३, भ = फ/३ ठेवावे; इ = १ − ब − भ धनच राहतो. क्रमसापेक्षता येथे प्रथम दिसते. ती रस्त्यांत नव्हे, शेतांत आहे.

क्रम हरवला की आकारही हरवतो, असा विद्यार्थ्यांचा समज असतो. तो खरा नाही. भरीव त्रिकोणात पहिली अट न मोडता ब ला १ कडे व इतर दोघांना ० कडे संततपणे नेता येते. बीजगणित जणू बारामतीच्या एका बिंदूत आकसते आणि त्याचा के-१ गट शून्य येतो. पोकळ त्रिकोण मात्र वर्तुळासमान असून त्याचा के-१ गट पूर्णांकांचा आहे. मधले छिद्र बीजगणितास कळते.