गनियारीची ‘बहमनी’ : रुग्णनोंदींची मुक्त संगणकप्रणाली
छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी येथे ‘जन स्वास्थ्य सहयोग’ ही ना-नफा संस्था रुग्णालय चालवते. दूरच्या वनग्रामांतून येणाऱ्या क्षयरुग्णाचा जुना कागद हरवला, तर आधी कोणती औषधे किती काळ घेतली हे डॉक्टरांना कळत नाही. या आजारात ते जिवावर बेतू शकते. ‘थॉटवर्क्स’ कंपनीने विकसित केलेली ‘बहमनी’ ही नोंदप्रणाली सर्वप्रथम येथेच वापरात आली. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘ओपनएमआरएस’ या मुक्त प्रणालीवर ती आधारलेली असून निदान, प्रयोगशाळेचे अहवाल व औषधांचा हिशेब ती एकत्र ठेवते. परवाना शुल्क नाही. मात्र संगणक, अखंड वीज आणि यंत्रणा सांभाळणारा माणूस यांचा खर्च उरतोच. लहान दवाखान्यांचे घोडे बहुधा तिथेच अडते.