सीडी का खराब होते?

जयंतीच्या भीमगीतांच्या सीडी अनेकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यांतील कित्येक गायक आज हयात नाहीत. चकचकीत बाजूला चरा पडू नये म्हणून आपण जपतो. परंतु नाजूक बाजू नाव छापलेली! आवाज साठवणारा धातूचा थर तिथेच, पातळ रोगणाखाली असतो. इंग्लंडमधील ब्लॅकबर्नच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ दरम्यान निघालेल्या बऱ्याच सीडींचे रोगण कमी पडले. वेष्टनाच्या कागदातील गंधकाने धातू गंजून त्या कडेपासून तपकिरी झाल्या. संगणकावर घरी भरलेल्या सीडीत रंगद्रव्य असते, ते उन्हाने विटते. चरा घासून काढता येतो, गेलेला धातू परत येत नाही. सीडी दिव्यासमोर धरून पाहावी. नवे छिद्र दिसल्यास त्याच दिवशी नक्कल करून घ्यावी.