थकव्यात गुडघा का दगा देतो? खेळणाऱ्या मुलींसाठी आणि पालकांसाठी

सकाळी कॉलेज, लोकलमध्ये उभ्याने प्रवास आणि संध्याकाळी थेट मैदान. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत कबड्डी, खो-खो, बास्केटबॉल किंवा फुटबॉल खेळणाऱ्या अनेक मुलींचा दिवस असाच जातो. सराव सुरू होण्याआधीच पाय दमलेले असतात. अशा वेळी गुडघ्यात काय बदलते ते पाहू.

दुखापत कोणती?

मांडीचे आणि नडगीचे हाड गुडघ्याच्या आत एकत्र बांधून ठेवणाऱ्या एका महत्त्वाच्या लिगामेंटला एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू न देणे आणि गुडघा पिळू न देणे हे त्याचे काम. ते फाटते तेव्हा बहुतेक वेळा कोणाचा थेट धक्का लागलेला नसतो. उडीवरून उतरताना, वेगात असताना एकदम थांबताना किंवा वळताना ही दुखापत होते. खो-खोत खांबाला वळसा घालताना आणि कबड्डीत चढाईवरून झटकन मागे फिरताना गुडघ्यावर असाच ताण येतो. फुटबॉल, बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलींना ही दुखापत मुलांच्या साधारण 2 ते 3 पट होते.

मुलींमध्ये जास्त का?

वयात येताना उंची आणि वजन वाढते, पण मुलींच्या स्नायूंची ताकद मुलांइतक्या वेगाने वाढत नाही. उतरताना अनेकींचे गुडघे कमी वाकतात आणि आत झुकतात. मांडीचा पुढचा स्नायू नडगी पुढे खेचतो, तर मागचे हॅमस्ट्रिंग तिला मागे धरून ठेवतात. हॅमस्ट्रिंग कमी पडले की सगळा भार एसीएलवर येतो. योग्य व्यायामाने हे बदलता येते.

थकवा काय करतो?

नितंबाचे स्नायू मांडीला आत वळू देत नाहीत. ते दमले की गुडघा आत झुकू शकतो आणि उतरणे ताठ होऊ शकते. पाय टेकल्यापासून सुमारे 40 मिलिसेकंदांत एसीएल फाटू शकते. एवढ्या वेळात विचार करून पाय सावरता येत नाही, त्यामुळे योग्य हालचाल आधीच अंगवळणी पडलेली हवी. प्रत्येक अभ्यासात थकव्याचा परिणाम सारखा दिसलेला नाही. म्हणून दोष एकट्या थकव्याला देऊ नका. कमी ताकद, चुकीची सवय आणि थकवा हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नका.

उड्यांचा सराव कधी थांबवावा?

• उतरताना गुडघे एकमेकांकडे झुकू लागले
• पाय धप्पकन आपटू लागले
• एका पायावर तोल जाऊ लागला

प्रशिक्षकांनी मोबाइलवर समोरून व्हिडिओ काढला तर हे सहज दिसते.

काय करावे?

• सरावाआधी 15 ते 20 मिनिटांचा वॉर्म-अप आठवड्यातून किमान 2 ते 3 वेळा करा. त्यात हलके धावणे, स्क्वॉट, हॅमस्ट्रिंगचे व्यायाम, एका पायावर तोल आणि हळुवार उतरण्याचा सराव असावा. असे व्यायाम नियमित केल्यास मुलींमधील एसीएलच्या दुखापती जवळपास निम्म्याने कमी होतात.
• उड्या आणि दिशा बदलण्याचे अवघड सराव सुरुवातीला, ताजेपणी घ्या.
• प्रवासानंतर पाणी प्या. केळे, चिक्की किंवा पोळीभाजी खाऊन मग मैदानात उतरा.
• 8 ते 9 तास झोप आणि आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या.
• सतत दम लागत असेल तर हिमोग्लोबिन तपासा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 49 वयाच्या सुमारे 57% महिलांना रक्तक्षय आढळला. पाळी तीन महिने आली नाही तर डॉक्टरांना दाखवा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

गुडघ्यात 'कट्' असा आवाज आला, काही तासांत सूज आली, किंवा चालताना गुडघा निसटतो असे वाटले, तर खेळ लगेच थांबवा. कापडात गुंडाळलेला बर्फ लावा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. तेल लावून चोळू नका, ओढून बसवू नका. सूज उतरली म्हणजे लिगामेंट बरे झाले असे नसते.

शस्त्रक्रिया करावी लागली तरी खेळ संपत नाही. जिम्नॅस्ट दीपा कर्माकरच्या एसीएलवर 2017 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि जुलै 2018 मध्ये तिने तुर्कस्तानातील स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. मात्र किमान 9 महिने झाल्याशिवाय आणि ताकदीची चाचणी झाल्याशिवाय मैदानात परतू नका. स्पर्धा जवळ आली म्हणून घाई करू नका, कारण तोच गुडघा पुन्हा दुखावण्याची शक्यता वाढते.